पुंगळ्यांची वही

रविवारी चांदमारी संपली की
तेजल केळीच्या खोक्यात भरून आणते पुंगळ्या,
तळाशी तापीकाठची माती, एखादा मुंगळा,
आणि दोन-चार कुणाच्या तरी जुन्या, हिरव्या पडलेल्या.
मी ओट्यावर गोणपाट अंथरतो.
आधी आवाज.
मूठभर घेऊन तळहातात खुळखुळवायच्या.
चांगलं पितळ लग्नघरच्या पेल्यांसारखं बोलतं,
त्यात एखादी बद्द वाजली की समजायचं, चिरलीय.
कोणती, ते एकेक काढून शोधायचं.

बत्तीस वर्षं वरणगावच्या फॅक्टरीत
मी पट्ट्यासमोर बसून नव्या पुंगळ्या पाहिल्या.
पास. पास. बाद. पास.
पास केलेल्या कुठे गेल्या, कुणाच्या गालाजवळ वाजल्या,
ते विचारायची रीत नव्हती.
जेवणाच्या सुट्टीत कळण्याच्या भाकरीवर भरीत घेऊन
आम्ही उकाड्याबद्दल बोलायचो.

आणि आता या,
परत आलेल्या.
रायफलीने बाहेर फेकताना दगडावर आपटलेल्या,
कुणाचं तोंड चेपलेलं, कुणाच्या पोटाला पोचा.
पोचा बहुधा निघतो.
तोंडात गुळगुळीत सळई घालून हळूहळू फिरवायची,
रुसलेल्या पोराची हनुवटी वर करावी
इतक्याच जोराने.
ताठरलेली मान ज्योतीवर धरायची
रंग बदलेपर्यंत.
लाल झाली म्हणजे उशीर झाला.
मग रात्रभर चिंचेच्या पाण्यात
(चिंच घरातली, त्यावरून बोलणी माझी)
आणि सकाळी गच्चीच्या पत्र्यावर.
तासाभरात हात लावता येत नाही.
मथुरा म्हणते, एवढ्या उन्हात पापड घातले असते
तर खाता तरी आले असते.

बुडाजवळ कधी एक चकचकीत वळं दिसतं,
केसाएवढं, जोडव्यासारखं नाजूक.
त्याला भुलायचं नाही.
आतून पितळ विरत आलेलं असतं.
वाकवलेली तार आत घालून मी चाचपतो,
तार अडखळली की बाद.
बाद म्हणजे पकडीत धरून तिथेच चुरडायची.
नाहीतर एखाद्या आळशी दुपारी
आपणच ती उचलतो आणि म्हणतो, चालेल.
हा शब्द मी या ओट्यावर बंद केलाय.

परवा वही लिहून झाली होती.
चांगल्या एकशे सत्तावीस, बाद अकरा.
तेजल ट्रे उचलता उचलता थांबली,
एक पुंगळी उजेडात धरली.
"आबा, मानेवर केस चिकटलाय."
पुस म्हटलं.
तिने ओढणीने पुसला. गेला नाही.
मी घेतली, भिंगाखाली फिरवली,
मला नुसतं पिवळं दिसलं.
दिवाळीपासून उजव्या डोळ्यात
कुणी ताक ओतल्यासारखं आहे, घरी सांगितलेलं नाही.
तळहातात हलवून पाहिली,
पण एकट्या पुंगळीचा आवाज
कशाशी ताडून पाहणार?
तेजलने मानेवरून नख ओढलं.
नख अडलं.
ती काही बोलली नाही. मीही.
रस्त्यावरून पाण्याचा टँकर गेला,
त्याच्या गळतीची रेघ दिसेनाशी होईतो दोघं बघत राहिलो.

मग पकड मी तिच्याकडे सरकवली.
"मी?"
"तुले दिसली ना. तूच मोड."
पितळ मोडताना कुरकुरतं थोडं.
पहिल्यांदाच तिच्या कानावर पडलं असावं,
तिने डोळे मिटून घेतले.

वहीत सत्तावीस खोडून सव्वीस केले,
अकराचे बारा.
अक्षर वाकडं आलं.
मग ट्रे तिच्या हातून घेतला
आणि पास केलेल्या सगळ्याच्या सगळ्या
पुन्हा गोणपाटावर पालथ्या घातल्या.
बराच वेळ त्या घरंगळत राहिल्या.
मी कान दिला.
तेजल चष्मा पुसत समोर येऊन बसली.